शब्दांना इस्त्री नको: मध्यस्थी करणाऱ्या सर्वांना एक खुलं पत्र

सहकाऱ्यांनो, सप्रेम नमस्कार.

एकोणीस वर्षं मी तुमचंच काम करतो आहे. भागीदारीतले तंटे, भावाभावांच्या वाटण्या, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची जोडपी, मालक आणि कामगार. या सगळ्या वर्षांत आपल्या प्रशिक्षणांत आणि परिषदांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते नियमासारखं वाटू लागलं: ‘राजकारण हे आपलं क्षेत्र नाही.’ मी स्वतःही ते नव्या मंडळींना मोठ्या रुबाबात सांगितलं आहे. आज हे पत्र त्या वाक्याविरुद्ध लिहितो आहे, म्हणजे थोडंफार स्वतःविरुद्धच.

आपल्याकडे येणाऱ्याला आपण पक्षकार म्हणतो आणि पक्षाचा माणूस आला की दार लोटून घेतो. पण राजकारण मागच्या दाराने केव्हाच आत येऊन बसलं आहे. वाटणीच्या कागदावर सही करता करता एक भाऊ म्हणतो, “जमिनीचं मिटलं, पण तो कोणाच्या सभेला जातो ते मला माहीत आहे.” आपण पेनाचं टोपण लावतो आणि ऐकलंच नाही असं दाखवतो. ऐकण्याचा धंदा करणारी माणसं आपण! ज्या गोष्टीवरून ते दोघे पुढची दहा वर्षं एकमेकांच्या घरी जाणार नाहीत, नेमकी तीच आपण तडजोडनाम्याबाहेर ठेवतो.

आपल्या भाषेनेही इथे एक अडचण करून ठेवली आहे. ‘पोरगा माझं ऐकत नाही’ असं बाप म्हणतो तेव्हा पोराचे कान ठीक असतात. तो आज्ञा पाळत नाही एवढाच त्याचा अर्थ. ‘मी त्याला चांगलंच ऐकवलं’ म्हणजे झापलं. ‘मी गुपचूप ऐकून घेतलं’ म्हणजे अपमान गिळला. मराठीत ऐकणारा हा बहुतेक वेळा हरलेला असतो. एखाद्या कार्यकर्त्याला आपण म्हणतो, “या, समोरच्याचं ऐका”, तेव्हा त्याच्या कानावर काय पडतं? ‘या, हार माना.’ तो येत नाही यात नवल ते काय. ‘मध्यस्थ’ हा शब्दही तसाच. मध्ये उभा राहणारा. त्यामुळे उत्तरही मध्येच कुठेतरी असणार असा समज होतो, आणि ज्याला आपली बाजू पूर्णपणे न्याय्य वाटते तो अशा अर्ध्या वाटेवरच्या माणसाकडे संशयाने पाहतो. त्यात पुन्हा दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण सगळ्यांना पाठ. राजकारणात तर तो तिसरा खरोखरच टपून बसलेला असतो, तेव्हा या संशयाबद्दल आपण रागावण्यात अर्थ नाही.

आता माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या संस्थेच्या कार्यकारिणीत राजकीय फूट पडली. वर्षानुवर्षं एका विचाराची मंडळी कारभार पाहत होती. मग बहुमत दुसऱ्या विचाराच्या मंडळींकडे गेलं आणि बैठका ओरडाआरड्यात संपू लागल्या. ‘हे राजकारण नाही, संस्थेचा अंतर्गत वाद आहे’ अशी स्वतःची समजूत घालून मी ते प्रकरण घेतलं. संयुक्त बैठकीत नव्या गटातल्या एक बाई जुन्या गटाकडे बोट करून म्हणाल्या, “तुमच्यामुळे आम्ही याच खोलीत वीस वर्षं मान खाली घालून बसलो. आणि आता आम्ही खुर्चीत आल्यावर तुम्हाला समतोल आठवला?”

मी शिकलेलं केलं. शांत आवाजात पुनर्कथन. “म्हणजे आपल्याला इथे आदराने वागवलं जावं, अशी आपली अपेक्षा आहे.” जुन्या गटातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बाई माझ्याकडे वळल्या. “मी असं म्हणाले नाही. तुम्ही माझं बोलणं धुतलंत, इस्त्री केलीत आणि घडी घालून परत दिलंत. त्यावरचा डाग माझा होता. तो कुठे गेला?”

त्या माना इतक्या सहज का डोलल्या, हे मला तेव्हा कळलं. ‘आदराने वागवा’ या वाक्यात त्यांचं काहीच जात नव्हतं. आदर सगळ्यांनाच हवा असतो. बाईंचा आरोप मी इतका गुळगुळीत केला होता की तो कोणाला टोचेनासा झाला, आणि जे टोचत नाही ते ऐकावंही लागत नाही. घरगुती वादांत अशी इस्त्री बरेचदा उपयोगी पडते. नवराबायकोतल्या एखाद्या शिवीमागची गरज उकलून दाखवली की दोघांनाही हायसं वाटतं. राजकीय वादात मात्र तो टोकदार शब्द हीच माणसाची एकमेव पुंजी असू शकते. ती आपण परस्पर काढून घेतो आणि वर त्याला कौशल्य म्हणतो.

मी माफी मागितली आणि जुन्या गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना विनंती केली की बाई काय म्हणाल्या ते तुम्ही सांगा. बरोबर आहे की नाही ते बाई ठरवतील. पहिल्यांदा ते स्वतःच्या बचावाचं बोलले. दुसऱ्यांदा पुन्हा माझ्याच इस्त्रीच्या वाटेने गेले. तिसऱ्यांदा बराच वेळ थांबून म्हणाले, “तुम्ही म्हणताय की आम्ही तुमच्याशी जसे वागलो त्याला आम्ही तेव्हा शिस्त म्हणायचो, आणि आज तुम्ही तसंच वागलात तर आम्ही त्याला अन्याय म्हणतोय.” बाई म्हणाल्या, “हो. हेच.”

समेट झाला नाही. सहा महिन्यांनी संस्था दुभंगलीच. माझ्या नोंदवहीत त्या प्रकरणापुढे ‘असफल’ असं लिहिलेलं आहे. दोन्ही गटांनी एकमेकांवर एकही खटला भरला नाही आणि हिशेब एका दुपारी समोरासमोर बसून वाटून घेतले, याची नोंद करायला त्या वहीत जागा नव्हती.

तिसऱ्यांदा घडलं ते काही माझ्या हुशारीने घडलं नाही. युक्ती जुनी आहे. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती सुचवली होती: वाद रंगात आला की एक नियम घाला, आधीच्या माणसाचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं मांडून दाखवल्याशिवाय कोणी स्वतःचं म्हणणं मांडायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून पाहा, घाम फुटतो. यात एक बारकावा आहे आणि आपण तो विसरतो. मांडणी विरोधकाने करायची आहे, मध्यस्थाने नव्हे. आपण पुनर्कथन करत राहिलो की दोन्ही बाजू एकमेकांऐवजी आपल्याशीच बोलू लागतात, आणि आपल्याला ते आवडतंही.

राजकीय मतभेदांत हे कितपत चालतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत प्रामाणिक उदाहरण अमेरिकेतलं आहे. 30 डिसेंबर 1994 रोजी बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये एका बंदूकधाऱ्याने गर्भपाताची सेवा देणाऱ्या दोन दवाखान्यांवर गोळीबार केला. तिथे काम करणाऱ्या दोन स्त्रिया मरण पावल्या, आणखी पाच माणसं जखमी झाली. त्यानंतर सहा स्त्रिया, गर्भपाताच्या हक्काच्या चळवळीतल्या तीन पुढारी आणि गर्भपातविरोधी चळवळीतल्या तीन, गुपचूप भेटू लागल्या. भेटी जमवणारी संस्था होती पब्लिक कन्व्हर्सेशन्स प्रोजेक्ट. लॉरा चेसिन आणि सुसान पोडझिबा या दोघी बैठका चालवत. सुरुवातीला ठरल्या होत्या फक्त चार. चालल्या साडेपाच वर्षं, दीडशेहून अधिक तास. वर्तमानपत्रांना पत्ता नाही, दोन्ही चळवळींतल्या बहुतेक सहकाऱ्यांनाही नाही. जानेवारी 2001 मध्ये सहाजणींनी मिळून ‘द बोस्टन ग्लोब’मध्ये लेख लिहिला तेव्हा जगाला कळलं.

त्यांचा पहिला झगडा होता शब्दांचा. पोटातल्या जीवाला काय म्हणायचं? एका बाजूला ‘न जन्मलेलं बाळ’ याखेरीज काही मान्य नव्हतं, दुसरीला नेमकं तेच अमान्य. शेवटी ‘मानवी गर्भ’ या शब्दावर सगळ्या कशाबशा थांबल्या. तो कोणालाच आवडलेला नव्हता. मला हे फार मोलाचं वाटतं. वरून कोणी गुळगुळीत शब्द पुरवला नाही. दोन्ही बाजूंना खुपणारा एक शब्द त्यांनी स्वतः शोधला आणि त्याचं खुपणं लेखात लपवलंही नाही. डिवचणाऱ्या शब्दांची एक यादी त्यांनी केली आणि ते खोलीबाहेर ठेवले. ज्या बाजूला जे नाव हवं असेल त्याच नावाने तिला हाक मारायचं ठरलं.

आणि साडेपाच वर्षांनी? गर्भपाताबद्दल एकीचंही मत बदललेलं नव्हतं. उलट आपापली भूमिका अधिक पक्की झाल्याचं त्यांनीच लिहिलं. बदललं ते दुसऱ्या बाजूबद्दल बोलणं. व्यासपीठावरच्या भाषणांतली भडक विशेषणं गेली. एकमेकींच्या सुरक्षिततेची काळजी वाटू लागली. आपल्या नोंदवहीच्या हिशेबाने हेही प्रकरण असफलच धरायचं का?

‘नुसतं एकमेकांसमोर आणून बसवा, माणसं सुधारतील’ असं मात्र कोणी म्हणू नये. समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. ट्विटर वापरणाऱ्या अमेरिकी मतदारांना महिनाभर विरुद्ध बाजूचे संदेश दाखवणारं एक खातं अनुसरायला लावलं. रिपब्लिकन मतदार त्यानंतर आपल्या मतांत आणखी कडवे झाले. डेमोक्रॅट फारसे हललेच नाहीत. विरोधकाची घोषणा रोज कानावर पडणं वेगळं आणि विरोधकाने आपल्याला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणं वेगळं. मतदारांच्या दारात जाऊन नीट ऐकून घेत केलेल्या दहा मिनिटांच्या संभाषणाने ट्रान्सजेंडर माणसांबद्दलचा पूर्वग्रह कमी होतो आणि तो परिणाम काही महिने टिकू शकतो, हे डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या राज्यशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये मायामीतल्या प्रयोगातून दाखवलं. (त्याआधी दारोदारच्या अशाच संभाषणांवरचा दुसऱ्या कोणाचा एक गाजलेला शोधनिबंध बनावट असल्याचं याच जोडीने आणखी एका सहकाऱ्यासोबत शोधून काढलं होतं आणि 2015 मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणून मी त्यांच्यावर थोडा जास्त विश्वास ठेवतो.) पण त्यांचं काम मन वळवण्याचं आहे, आपलं नाही, ही रेघ पुसू देऊ नका. आपल्या खोलीत आलेल्या माणसाला ‘मला हळूहळू दुसरीकडे नेताहेत’ अशी शंका आली की तो पुन्हा येणार नाही, आणि त्याने येऊही नये.

मग आपण द्यायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट: विरोधकाचं खरं चित्र. मोअर इन कॉमन या संस्थेने 2019 मध्ये अमेरिकेत पाहणी केली तेव्हा असं दिसलं की समोरच्या पक्षातली जितकी माणसं टोकाची मतं बाळगतात असं लोकांना वाटतं, त्याच्या जवळजवळ निम्मीच प्रत्यक्षात तशी असतात. बातम्या सतत पाहणाऱ्यांचा अंदाज तर क्वचित पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे तिप्पट चुकत होता. माणसं भांडतात ती बरेचदा एका बुजगावण्याशी. खरा विरोधक समोर आला तर भांडण संपेल असं नाही. पण निदान ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी तरी होईल.

आपल्या लाडक्या खिडकीच्या गोष्टीचंही एकदा बोलून टाकू. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांची, शंभर वर्षांपूर्वीची. ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. म्हणून शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला हवा मिळाली, दुसऱ्याच्या अंगावर झोत आला नाही. भूमिकेमागची गरज शोधा, हे शिकवताना आपण सगळेच ती सांगतो. राजकीय मतभेदांत शेजारची खोली नसते. मृत्युदंड असावा की नसावा, देशात कोणाला नागरिक म्हणून घ्यायचं, या प्रश्नांत सगळे एकाच खोलीत आहेत. तिथे ‘दोघांचाही फायदा’ अशी भाषा सुरू केली की समोरचे आपल्याला विक्रेते समजतात. आणि बरोबर समजतात.

स्वतंत्र बैठकांचं, म्हणजे प्रत्येक बाजूला वेगळं भेटण्याचं, कौशल्य मात्र इथेही चालतं, किंबहुना जास्त चालतं. 1978च्या सप्टेंबरात कॅम्प डेव्हिडमध्ये तेरा दिवस काढताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना लवकरच कळून चुकलं की इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात एका टेबलावर बसले की मागे जातात. मग एकच मसुदा हातात घेऊन ते या बंगलीतून त्या बंगलीत जात राहिले. पूर्वतयारीच्या भेटी न घेता दोन राजकीय गटांना थेट संयुक्त बैठकीत बसवणं हा मला निव्वळ आळस वाटतो.

“पण आम्हाला विचारतं कोण?” असं तुम्ही म्हणाल. ट्युनिशियातही कोणी सन्मानाने बोलावलं नव्हतं. 2013 मध्ये तिथे सहा महिन्यांत विरोधी बाजूच्या दोन नेत्यांची हत्या झाली, घटना समितीचं काम ठप्प झालं, देश यादवीच्या काठावर आला. तेव्हा चार संघटना पुढे आल्या: कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकिलांची संघटना. यांतले पहिले दोघे एकमेकांचे जुने प्रतिस्पर्धी, आणि तटस्थ तर कोणीच नव्हतं. पण मजुरी आणि संपावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी घासाघीस केलेली माणसं मध्यस्थ म्हणून बसली, तेव्हा पक्षनेत्यांना ‘जमत नाही’ म्हणायची सोय उरली नाही. त्यांनी आधी कार्यक्रमपत्रिकेवर सह्या घेतल्या आणि मगच बोलणी सुरू केली. जानेवारी 2014 मध्ये नवी राज्यघटना मंजूर झाली. 2015चं शांततेचं नोबेल या चौघांना मिळालं. पुढची गोष्टही सांगायला हवी: 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसद स्थगित केली आणि मिळवलेलं बरंच हातातून गेलं. त्यामुळे आधीचं काम वाया गेलं असं मी मानत नाही, पण परिषदांमधल्या आपल्या भाषणांत ही ओळ गाळली जाते, ती गाळू नये.

आता नकार कुठे द्यायचा ते. 1990च्या दशकातल्या उत्तर आयर्लंडच्या शांतता बोलण्यांत अमेरिकी मध्यस्थ जॉर्ज मिशेल यांनी आत येण्यासाठी काही तत्त्वं अट म्हणून ठेवली होती. लोकशाही आणि संपूर्णपणे शांततेचा मार्ग हे त्यांतलं पहिलं. ती मान्य करणाऱ्यालाच खुर्ची. आपलाही उंबरठा असाच असावा. समोरच्याला ठार मारण्याची किंवा हाकलून देण्याची धमकी खिशात ठेवून आलेल्या माणसापुढे दुसऱ्याला ‘ऐकून घ्या’ म्हणणं ही मध्यस्थी होत नाही, आपण त्या धमकीचे टपालवाले होतो. एका बाजूच्या हातात सत्ता, पैसा आणि पोलीस असतील आणि दुसरीच्या हातात फक्त गाऱ्हाणं, तर दोघांना सारखीच दहा मिनिटं देणं ही समानता फक्त घड्याळाची. आणि काही वेळा बोलणी हवी असतात ती फक्त वेळ काढण्यासाठी. बैठका चालू आहेत, मग आंदोलन कशाला? हा वास आला की उठावं.

खोट्याचं काय करायचं, हा प्रश्न मला अजून छळतो. एकजण छातीठोकपणे चुकीचा आकडा सांगतो. मध्यस्थाने गप्प बसावं? मी न्यायाधीश नाही, पण ओटाही नाही, की काहीही ठेवलं तरी चालावं. हल्ली मी दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारतो: “हे कशावरून?” आणि पुढच्या बैठकीआधी दोन्हीकडचा एकेक माणूस मिळून ते तपासून येईल असं सुचवतो. निम्म्या वेळा तपासायला कोणी जात नाही, पण तो आकडा पुन्हा कोणी उच्चारतही नाही. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. तुमच्यापैकी कोणाला याहून बरं काही सापडलं असेल तर मला ते हवं आहे.

मागणं तसं छोटं आहे. पुढच्या प्रशिक्षणात दोन दिवस राजकीय वादांसाठी राखा. त्यात लुटुपुटीच्या भूमिका देऊ नका. खरीखुरी, वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं आपल्यातच भरपूर आहेत आणि ती जेवणाच्या सुट्टीत वेगवेगळ्या टेबलांवर बसतात हे आपण सगळे जाणतो. त्यांनाच बसवा. एखाद्या पक्षाने वा पुढाऱ्याने खर्च उचलायची तयारी दाखवली तर नम्रपणे नाही म्हणा. आणि पहिल्या दिवशी पुनर्कथन करायला मध्यस्थांना बंदी घाला, मला सर्वांत आधी.

आणखी एक. आपल्या सर्वांच्या नोंदवहीत ‘सफल’ आणि ‘असफल’ असे दोनच रकाने छापलेले असतात. त्या संस्थेच्या प्रकरणाशेजारी मी पेन्सिलीने तिसरा रकाना आखला आहे आणि ‘असफल’वर काट मारली आहे. नव्या रकान्याला नाव काय द्यायचं ते काही केल्या सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर पुढच्या बैठकीला येताना घेऊन या.

आपला,
एक मध्यस्थ